‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणजे नेमके काय बिघडले?

सी भाषा शिकायला लागल्यावर पहिले काही आठवडे सगळे प्रोग्रॅम एकाच फाइलमध्ये मावतात. चूक झाली तर कंपायलर ओळीचा क्रमांक सांगतो, आपण त्या ओळीवर जाऊन राहून गेलेला अर्धविराम किंवा महिरपी कंस टाकतो आणि प्रोग्रॅम चालू लागतो. मग एके दिवशी प्रोग्रॅम दोन फाइलींत विभागण्याची वेळ येते, किंवा वर्गमूळ काढण्यासाठी गणिताची लायब्ररी लागते, आणि पडद्यावर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असे शब्द असलेला एक अनोळखी संदेश उमटतो. त्यात बहुधा ओळीचा क्रमांक नसतो. आपण कधी न लिहिलेल्या फाइलींची नावे मात्र असतात. या टप्प्यावर संपूर्ण प्रोग्रॅम पुन्हा टंकणारे, प्रत्येक अर्धविराम बोट ठेवून तपासणारे आणि शेवटी ‘सी आपल्याला जमणार नाही’ असे ठरवून मोकळे होणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि दर वेळी मला त्याचे वाईट वाटते, कारण त्यांच्या प्रोग्रॅमचे व्याकरण तोपर्यंत तपासून झालेले असते आणि ते बरोबर ठरलेले असते.

हा संदेश कंपायलरचा नसून लिंकरचा असतो, म्हणजे वेगवेगळ्या फाइलींपासून झालेले तुकडे आणि लायब्ररी एकत्र बांधणाऱ्या प्रोग्रॅमचा. लिंकरची तक्रार जवळजवळ नेहमी एखाद्या नावाविषयी असते. ते नाव त्याला कोठेच सापडले नाही, किंवा एकाऐवजी दोन ठिकाणी सापडले, एवढेच त्याला सांगायचे असते. कोणते नाव, ते कोणी मागितले आणि ते कोठे असायला हवे होते, हे शोधता आले की ही चूक पाच मिनिटांची राहते. ते शोधायचे कसे, हे या लेखात एका लहान उदाहरणावरून पाहू. आज्ञा, संदेश आणि नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांतच टंकायची आहेत.

उदाहरण दूधसंकलन केंद्राच्या हिशेबाचे घेऊ. ‘बिल.सी’ या फाइलमध्ये ‘काढा_बिल’ नावाचे फंक्शन आहे. ते लिटर आणि दर या दोन दशांश संख्या घेते आणि त्यांचा गुणाकार परत देते. ‘मेन.सी’ या फाइलमध्ये ‘मेन’ आहे. ते आकडे विचारते, ‘काढा_बिल’ला बोलावते आणि उत्तर छापते. ‘मेन.सी’च्या सुरुवातीला एक ओळ आहे: ‘डबल काढा_बिल(डबल लिटर, डबल दर);’. या ओळीला फंक्शनचे शरीर नाही, शेवटी फक्त अर्धविराम आहे. हिला डिक्लरेशन म्हणतात, आणि ‘बिल.सी’मध्ये महिरपी कंसांत जे प्रत्यक्ष काम लिहिले आहे त्याला डेफिनिशन म्हणतात. या दोन शब्दांमधला फरक ज्याला नीट कळला त्याला लिंकर अर्धा कळलाच.

आता विद्यार्थी ‘जीसीसी मेन.सी’ अशी आज्ञा देतो. जीसीसी हा लिनक्सवर नेहमी वापरला जाणारा सीचा कंपायलर. ही एकच आज्ञा असली तरी तिच्या मागे चार कामे एकापाठोपाठ होतात. प्रथम प्रीप्रोसेसर ‘#इन्क्लूड’च्या जागी हेडर फाइलींचा मजकूर आणून चिकटवतो. मग कंपायलर सीचे रूपांतर असेंब्ली भाषेत करतो, असेंब्लर त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करून ऑब्जेक्ट फाइल बनवतो, आणि सर्वांत शेवटी लिंकर अशा ऑब्जेक्ट फाइली आणि लायब्ररी एकत्र बांधून चालवता येईल असा प्रोग्रॅम तयार करतो. पहिल्या तीन टप्प्यांत प्रत्येक ‘.सी’ फाइल स्वतंत्रपणे हाताळली जाते. ‘मेन.सी’चे कंपाइलिंग चालू असताना कंपायलरला ‘बिल.सी’ अस्तित्वात आहे हेसुद्धा ठाऊक नसते. दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी असल्या, तरीही नसते.

मग कंपायलर ‘काढा_बिल’ला बोलावणारी सूचना लिहितो तरी कशी? तो डिक्लरेशनवर विश्वास ठेवतो. या नावाचे फंक्शन कोठेतरी आहे, ते दोन डबल घेते आणि एक डबल देते, एवढी हमी त्याला पुरते, पण पत्ता माहीत नसल्यामुळे तो पत्त्याची जागा रिकामी सोडतो. ही रिकामी जागा प्रत्यक्ष पाहता येते. ‘जीसीसी -सी मेन.सी’ या आज्ञेने लिंकिंग टाळून नुसती ‘मेन.ओ’ ही ऑब्जेक्ट फाइल बनवावी आणि ‘ऑब्जडम्प -डीआर मेन.ओ’ ही आज्ञा द्यावी. नेहमीच्या ६४ बिटांच्या इंटेल किंवा एएमडी संगणकावरील लिनक्समध्ये जेथे फंक्शनला हाक मारली आहे तेथे ‘ई८ ०० ०० ०० ००’ असे पाच बाइट दिसतात. ‘ई८’ म्हणजे कॉल करण्याची सूचना, आणि पुढची चार शून्ये म्हणजे न भरलेला पत्ता. त्याच्याच खाली एक नोंद असते, तिचा अर्थ ‘येथे काढा_बिलचा पत्ता भरावा’ असा होतो. ती चार शून्ये भरणे हे लिंकरचे काम आहे. ज्याने ती शून्ये एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, त्याला पुढचे सगळे समजावून सांगणे फार सोपे जाते, असा माझा अनुभव आहे.

हे काम सी भाषेपेक्षा जुने आहे. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये सी भाषा १९७२च्या सुमारास आकाराला आणली, पण त्याच्या कितीतरी आधी, १९४७ मध्ये, जॉन मॉकली यांनी टेपवर साठवलेल्या उपप्रोग्रॅमांमधून हवे ते निवडून मूळ प्रोग्रॅमबरोबर आणण्याची आणि त्यांचे पत्ते जुळवण्याची गरज मांडली होती. ग्रेस हॉपर यांनी १९५२च्या सुमारास युनिव्हॅक संगणकासाठी केलेल्या ‘ए-०’ प्रणालीला कंपायलर म्हटले गेले, तरी तिचे काम आजच्या लिंकरशी आणि प्रोग्रॅम मेमरीत आणून सुरू करणाऱ्या लोडरशी अधिक जुळणारे होते. दुसऱ्याने लिहून ठेवलेले काम आपल्या प्रोग्रॅममध्ये आणून बसवायचे म्हटले की पत्ते जुळवणारा कोणीतरी लागतोच.

संदेश कसा वाचायचा

‘जीसीसी मेन.सी’ या आज्ञेनंतर साधारण असा संदेश येतो: ‘/यूएसआर/बिन/एलडी: /टीएमपी/सीसीए९क्यूएल३.ओ: इन फंक्शन मेन: मेन.सी:(.टेक्स्ट+०एक्स४७): अनडिफाइन्ड रेफरन्स टू काढा_बिल’. आणि त्याखाली: ‘कलेक्ट२: एरर: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस’.

बहुतेक विद्यार्थी शेवटची ओळ उचलतात आणि तीच शोधयंत्रात टाकतात. ती ओळ निरुपयोगी आहे. ‘एलडी’ हे लिंकरचे नाव, ‘कलेक्ट२’ हा जीसीसीच्या वतीने लिंकरला हाक मारणारा मदतनीस, आणि ‘१ एक्झिट स्टेटस’ म्हणजे लिंकर अपयशी ठरला. कोणत्याही लिंकर चुकीनंतर हीच ओळ येते, त्यामुळे ती शोधून हजारो वेगवेगळ्या अडचणींची उत्तरे समोर येतात आणि आपली अडचण त्यांत हरवते. वाचायची ओळ त्याच्या वरची आहे, आणि संदेश अनेक असतील तर त्यांतला पहिला.

त्या ओळीत ‘/टीएमपी’मधली विचित्र नावाची फाइल दिसली तर घाबरू नये, जीसीसीने तात्पुरती बनवलेली आणि काम संपताच पुसून टाकलेली ती ऑब्जेक्ट फाइल आहे. ‘इन फंक्शन मेन’ म्हणजे मागणी करणारा ‘मेन’ आहे. ‘.टेक्स्ट+०एक्स४७’ म्हणजे यंत्रभाषेच्या विभागात सुरुवातीपासून किती बाइट आत ती रिकामी जागा आहे. लिंकर सीची फाइल वाचतच नाही, त्याच्यासमोर फक्त ऑब्जेक्ट फाइली असतात, म्हणून त्याला ओळीऐवजी हे अंतर सांगावे लागते. कंपाइल करताना ‘-जी’ हा पर्याय दिला तर ऑब्जेक्ट फाइलमध्ये ओळींची माहिती साठवली जाते आणि मग लिंकरही ओळीचा क्रमांक सांगतो. नवशिक्याने ‘-जी’ आणि ‘-वॉल’ हे दोन पर्याय कायम वापरावेत असे मला ठामपणे वाटते. ‘वॉल’ म्हणजे भिंत नव्हे. ‘डब्ल्यू’ म्हणजे वॉर्निंग आणि ‘ऑल’ म्हणजे सगळ्या.

संदेशातील सर्वांत महत्त्वाचा शब्द शेवटी असतो: ‘काढा_बिल’. हे नाव सापडले नाही. येथे दोन प्रश्न विचारायचे. ते नाव आपण लिहिले आहे की लायब्ररीतून यायचे आहे? आणि ज्या फाइलमध्ये ते आहे ती फाइल लिंकरच्या हाती पोहोचली का?

आपल्या उदाहरणात उत्तर सरळ आहे. ‘बिल.सी’ आज्ञेत दिलीच नाही. ‘जीसीसी -जी -वॉल मेन.सी बिल.सी -ओ हिशेब’ अशी आज्ञा दिली की ‘हिशेब’ या नावाचा प्रोग्रॅम तयार होतो. हीच चूक व्हीएस कोड हा संपादक वापरणाऱ्यांना वेगळ्या रूपात भेटते, कारण तेथे चालवण्याचे बटण दाबल्यावर मूळ मांडणीनुसार समोर उघडी असलेली एकच फाइल कंपाइल होते. फोल्डरमधल्या बाकीच्या फाइली डाव्या बाजूच्या यादीत दिसत असल्या तरी आज्ञेत त्या नसतात. अशा वेळी टर्मिनल उघडून आज्ञा स्वतः टंकावी, किंवा ‘टास्क्स.जेसन’ या फाइलमधील उघड्या फाइलच्या नावाऐवजी फोल्डरमधल्या सर्व ‘.सी’ फाइली घेण्याची सूचना लिहावी. शिकण्याच्या काळात पहिला मार्गच चांगला, कारण लिंकरला नेमके काय मिळते आहे ते त्यात दिसते.

फाइल दिली आहे आणि तरीही नाव सापडत नाही, तर अंदाज करत बसण्यापेक्षा ‘एनएम’ ही आज्ञा वापरावी. ‘एनएम मेन.ओ’ दिल्यावर त्या ऑब्जेक्ट फाइलमधल्या नावांची यादी येते. ‘मेन’च्या अलीकडे ‘टी’ हे अक्षर असते, म्हणजे हे फंक्शन याच फाइलमध्ये आहे. ‘काढा_बिल’ आणि ‘प्रिंटएफ’ यांच्या अलीकडे ‘यू’ असते, म्हणजे ही नावे बाहेरून हवी आहेत. मग ‘एनएम बिल.ओ’ पाहावे. तेथे ‘टी काढा_बिल’ असायला हवे. ‘टी काढाबिल’ दिसले, तर अधोरेषा विसरली आहे. मोठे आणि लहान रोमन अक्षर सीमध्ये वेगळे धरले जाते, त्यामुळे तेवढा फरकही पुरेसा आहे. मोठ्या ‘टी’ऐवजी लहान ‘टी’ दिसला, तर फंक्शनच्या आधी ‘स्टॅटिक’ लिहिले आहे, आणि ‘स्टॅटिक’चा अर्थच ‘हे नाव या फाइलच्या बाहेर दिसू नये’ असा आहे. ‘प्रिंटएफ’ऐवजी ‘पुट्स’ दिसले तर गोंधळू नये. नुसते वाक्य छापून शेवटी नवी ओळ घ्यायची असेल तर जीसीसी स्वतःच ‘प्रिंटएफ’च्या जागी साधे ‘पुट्स’ बसवतो.

नावातील चुकीचा विषय निघालाच आहे तर कंपायलरच्या आवृत्तीचाही विचार करावा लागतो. ‘प्रिंटएफ’ लिहिताना एखादे अक्षर मागेपुढे झाले, तर जुना जीसीसी ‘या फंक्शनचे डिक्लरेशन दिसले नाही’ अशी फक्त सूचना देऊन पुढे जात असे आणि खरी अडचण लिंकरपाशी उघडी पडत असे. सी९९ या मानकाने अशी मोघम मांडणी १९९९ मध्येच बंद केली होती, तरी जीसीसीने ती सवलत दीर्घकाळ चालू ठेवली, आणि २०२४च्या जीसीसी १४ पासून मात्र ती थेट कंपायलरची चूक ठरते. म्हणून प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर जो संदेश लिंकरकडून येतो, तोच घरच्या नव्या संगणकावर कंपायलरकडून येऊ शकतो. दोन्हीकडे चूक एकच आहे.

पत्रिका आणि कीर्तनकार

लायब्ररीच्या बाबतीत नवशिक्यांचा एक समज इतका पक्का असतो की तो सावकाश सोडवावा लागतो. ‘मॅथ.एच’ इन्क्लूड केले म्हणजे गणिताची फंक्शन्स प्रोग्रॅममध्ये आली, असे जवळजवळ प्रत्येकाला वाटते. प्रत्यक्षात ‘मॅथ.एच’मध्ये वर्गमूळ काढणाऱ्या ‘एसक्यूआरटी’चे काम नाही, फक्त त्याचे डिक्लरेशन आहे. गावच्या सप्ताहाच्या पत्रिकेवर कीर्तनकारांचे नाव, दिवस आणि वेळ छापलेली असते. पत्रिका वाचून मंडपाची तयारी करता येते, पण कीर्तनकारांना आणायला गाडी पाठवलीच नाही तर संध्याकाळी व्यासपीठ रिकामे राहते. हेडर ही पत्रिका आहे. काम करणारी यंत्रभाषा लायब्ररीच्या फाइलमध्ये असते, आणि तिला आणण्यासाठी लिंकरला वेगळे सांगावे लागते.

लिनक्सवर ते ‘-एलएम’ असे सांगतात. यात ‘-एल’ म्हणजे लायब्ररी जोड आणि ‘एम’ हे तिचे नाव. लिंकर स्वतः मागेपुढे भर घालून ‘लिबएम’ या नावाची फाइल शोधतो. ‘प्रिंटएफ’ किंवा ‘स्कॅनएफ’ यांच्यासाठी असे काही लिहावे लागत नाही, कारण सीची मूळ लायब्ररी जीसीसी न विचारता जोडतो. मिनजीडब्ल्यूमध्ये, म्हणजे विंडोजवरील जीसीसीमध्ये, आणि मॅकवर गणिताची फंक्शन्सही अशीच न सांगता मिळतात, त्यामुळे घरी विंडोजवर व्यवस्थित चाललेला प्रोग्रॅम महाविद्यालयातल्या उबुंटूवर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’ म्हणून अडतो, आणि विद्यार्थ्याला वाटते की प्रोग्रॅममध्येच काहीतरी खोट आहे. याहून गोंधळात टाकणारी गोष्ट अशी, की ‘एसक्यूआरटी(२.०)’ असा ठरलेला आकडा दिला तर ‘-एलएम’ नसतानाही प्रोग्रॅम तयार होतो, कारण जीसीसी त्याचे उत्तर कंपाइल करतानाच काढून ठेवतो आणि लायब्ररीची गरजच उरत नाही. त्या आकड्याच्या जागी व्हेरिएबल आले की अडचण उभी राहते.

‘-एलएम’ लिहूनही चूक तशीच राहिली, तर ते कोठे लिहिले आहे ते पाहावे. लिंकर आज्ञा डावीकडून उजवीकडे वाचतो. लायब्ररीपाशी पोहोचल्यावर तो स्वतःला एकच प्रश्न विचारतो: आतापर्यंत कोणती नावे सापडायची राहिली आहेत, आणि त्यांतले या लायब्ररीत काही आहे का? ‘जीसीसी -एलएम मेन.सी’ असे लिहिले तर लायब्ररीची पाळी पहिली येते, तेव्हा काहीच मागणी नसते, म्हणून तो तिला बाजूला ठेवतो. नंतर ‘मेन’ वर्गमूळ मागतो तेव्हा मागे वळून पाहिले जात नाही. स्टॅटिक लायब्ररीच्या, म्हणजे जिच्यातले हवे ते तुकडे प्रोग्रॅममध्येच उतरवले जातात अशा ‘.ए’ शेवटाच्या लायब्ररीच्या बाबतीत लिनक्सवरील नेहमीच्या लिंकरमध्ये असेच घडते, आणि उबुंटूमध्ये तर प्रोग्रॅम चालवताना जोडल्या जाणाऱ्या शेअर्ड लायब्ररीच्या बाबतीतही घडते, कारण तेथे लिंकरला गरज नसलेल्या लायब्ररी वगळण्याची सूचना आधीपासूनच दिलेली असते. मागणारा आधी, देणारा नंतर, हा क्रम पाळावा आणि ‘-एल’ने सुरू होणारे सगळे आज्ञेच्या शेवटी ठेवावे.

‘कॅनॉट फाइंड -एलएनकर्सेस’ हा संदेश मात्र वेगळा आहे. येथे नाव न सापडण्याची पाळीच आली नाही, लायब्ररीची फाइलच मिळालेली नाही. उबुंटूमध्ये अशा वेळी बहुधा ‘लिबएनकर्सेस-डेव्ह’सारखे शेवटी ‘डेव्ह’ असलेले पॅकेज बसवायचे राहिलेले असते. लायब्ररी आपण स्वतः बनवली असेल, तर ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे मोठ्या ‘-एल’ने सांगावे लागते. प्रोग्रॅम तयार झाला आणि चालवताना ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ असे आले, तर तो लिंकरचा विषय उरलेला नाही. तेथे प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या लोडरला फाइल सापडत नाही.

महाराष्ट्रात ज्यांनी महाविद्यालयात टर्बो सीवर शिक्षण घेतले, त्यांना ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल _इनिटग्राफ’ हा संदेश आठवत असेल. ‘ग्राफिक्स.एच’ इन्क्लूड केलेले असे, वर्तुळ काढण्याचा प्रोग्रॅम वहीतल्याप्रमाणे अक्षर न् अक्षर बरोबर असे, आणि तरीही लिंकर अडत असे. उपाय ऑप्शन्स, मग लिंकर, मग लायब्ररीज असे जाऊन ‘ग्राफिक्स लायब्ररी’समोर खूण करण्याचा होता, आणि तो पाठ करून घेतला जाई. ती खूण म्हणजे कीर्तनकारांना पाठवलेली गाडीच होती, हे मात्र फार थोड्यांना सांगितले गेले. त्या काळातल्या नोट्समधले पडदा पुसणारे ‘सीएलआरएससीआर’ आजच्या मिनजीडब्ल्यूमध्ये वापरले तर लिंकर ते नाव सापडत नाही म्हणतो, आणि तेथे कोणतीही खूण उपयोगाची नाही, कारण ते फंक्शन त्या लायब्ररीत नाहीच. ती ओळ काढून टाकणे हाच उपाय.

एकाच नावाचे दोन धनी

उलट प्रकारची तक्रार ‘मल्टिपल डेफिनिशन’ची. दिवसभराची एकूण रक्कम दोन्ही फाइलींना हवी म्हणून विद्यार्थी ‘बिल.एच’ या हेडरमध्ये ‘डबल एकूण = ०;’ असे लिहितो आणि दोन्ही फाइलींत ते हेडर इन्क्लूड करतो. प्रीप्रोसेसर फक्त मजकूर चिकटवतो हे आठवले की पुढचे सरळ दिसते: ‘मेन.ओ’मध्ये एक ‘एकूण’ तयार झाले, ‘बिल.ओ’मध्ये दुसरे तयार झाले, आणि ‘एकूण’ म्हटल्यावर यांतले कोणते घ्यायचे हे लिंकरला ठरवता येत नाही. संदेशात पुढे ‘फर्स्ट डिफाइन्ड हियर’ असे लिहून तो पहिले कोठे दिसले तेही सांगतो.

येथे विद्यार्थी सहसा ‘इफएनडेफ’ची राखण लावतात, किंवा ती आधीच लावलेली असते आणि तरीही चूक का येते हे त्यांना कळत नाही. ती राखण एकाच ‘.सी’ फाइलमध्ये हेडर दोनदा येऊ देत नाही. दोन वेगळ्या ‘.सी’ फाइली स्वतंत्रपणे कंपाइल होतात, आणि प्रत्येक फाइलसाठी ती नव्याने सुरू होते. खरा उपाय असा: हेडरमध्ये ‘एक्स्टर्न डबल एकूण;’ लिहावे, म्हणजे ‘हे व्हेरिएबल कोठेतरी आहे’ एवढीच हमी दिली जाते, आणि ‘डबल एकूण = ०;’ ही ओळ फक्त ‘बिल.सी’मध्ये ठेवावी. फंक्शनचे शरीर हेडरमध्ये लिहिले तरी हेच घडते, आणि ‘#इन्क्लूड "बिल.सी"’ असे लिहून वर आज्ञेतही ‘बिल.सी’ दिली तरी हेच. नाव न सापडण्याच्या अडचणीवर ‘.सी’ फाइलच इन्क्लूड करण्याची युक्ती मित्रांकडून मित्रांकडे जाते. ती लहान प्रोग्रॅममध्ये चालते, पण ती सवय लागू देऊ नये.

जुने प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालवणाऱ्यांसाठी येथे एक बारकावा आहे. हेडरमध्ये ‘= ०’ न लिहिता नुसते ‘डबल एकूण;’ असेल, तर जीसीसी पूर्वी अशी सगळी व्हेरिएबल्स गुपचूप एकत्र करत असे. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून ही पद्धत मूळ मांडणीतून काढली गेली, त्यामुळे वर्षानुवर्षे चाललेला प्रोग्रॅम एकाएकी ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणून अडतो. ‘-एफकॉमन’ हा पर्याय दिला की जुनी वागणूक परत मिळते. दुसऱ्याचा मोठा जुना प्रोग्रॅम तातडीने चालवायचा असेल तर तो पर्याय वापरावा. स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये ‘एक्स्टर्न’च लिहावे.

नेहमी भेटणारे आणखी काही संदेश आहेत. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू मेन’ आले आणि वर ‘_स्टार्ट’ असे नाव दिसले, तर प्रोग्रॅम सुरू करून देणारा तयार तुकडा ‘मेन’ शोधत आहे आणि त्याला तो मिळत नाही. ‘मेन’चे अक्षर चुकलेले असते, किंवा फाइल संपादकात लिहिली पण सेव्ह करायची राहिली आणि डिस्कवर ती रिकामीच असते. मिनजीडब्ल्यूवर याच अडचणीत ‘विनमेन’ असे नाव येते. विंडोजवर ‘कॅनॉट ओपन आउटपुट फाइल’ आणि ‘परमिशन डिनाइड’ आले, तर बहुधा आधीचा प्रोग्रॅम अजून कोठेतरी इनपुटची वाट पाहत उघडा आहे. मायक्रोसॉफ्टच्या लिंकरमध्ये ‘एलएनके२०१९’ म्हणजे नाव सापडले नाही आणि ‘एलएनके२००५’ म्हणजे दोनदा सापडले. मॅकवर ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल्स फॉर आर्किटेक्चर एआरएम६४’ वाचून प्रोसेसरची शंका घेऊ नये. त्याखालच्या ओळीतले नाव पाहावे. आणि संदेशातील नावापुढे कंसात ‘(डबल, डबल)’ असे प्रकार दिसले, तर एखादी फाइल ‘.सीपीपी’ या नावाने सेव्ह होऊन सी प्लस प्लस म्हणून कंपाइल झाली आहे. ती भाषा नावात प्रकारही गुंफते आणि ‘काढा_बिल’चे ‘_झेड९काढा_बिलडीडी’ करते, ज्यातला ९ हा रोमन लिपीतील त्या नावाच्या अक्षरांची संख्या आहे आणि दोन ‘डी’ म्हणजे दोन डबल.

सीमध्ये असे प्रकार गुंफले जात नाहीत. लिंकरपाशी पोहोचते ते नुसते नाव. त्या नावांवर एके काळी तर इतकी कडक मर्यादा होती, की १९८९च्या मानकाने फाइलीबाहेर दिसणाऱ्या नावाची पहिली सहाच अक्षरे वेगळी ओळखली जातील एवढीच हमी दिली होती. ‘एसटीआरसीपीवाय’ आणि ‘एसटीआरएलईएन’सारखी सहा अक्षरांत बसवलेली तोकडी नावे त्याच काळाची खूण आहेत. पण नुसते नाव जुळवण्याचा एक परिणाम आजही नवशिक्याला महागात पडू शकतो, आणि त्यात लिंकर काहीच बोलत नाही.

समजा, ‘मेन.सी’मध्ये चुकून ‘इंट काढा_बिल(इंट लिटर, इंट दर);’ असे डिक्लरेशन लिहिले आणि ‘बिल.सी’मध्ये मात्र सगळे डबलच आहे. कंपायलर दोन्ही फाइली वेगवेगळ्या पाहतो, त्याला विसंगती दिसत नाही. लिंकरला ‘काढा_बिल’ हवे आहे आणि ‘काढा_बिल’ मिळाले, म्हणून तो चार शून्यांच्या जागी पत्ता भरून मोकळा होतो. प्रोग्रॅम तयार होतो, चालतो आणि चुकीचे बिल छापतो, कारण ६४ बिटांच्या लिनक्सवर पूर्णांक एका प्रकारच्या रजिस्टरमधून, म्हणजे प्रोसेसरमधल्या लहानशा साठवणीच्या जागेतून, पाठवले जातात आणि डबल दुसऱ्या प्रकारच्या. फंक्शन जेथे आकडे शोधते तेथे ते ठेवलेलेच नसतात. यावरचा उपाय अगदी लहान आहे. डिक्लरेशन ‘मेन.सी’मध्ये हाताने न लिहिता ‘बिल.एच’मध्ये एकदाच लिहावे, आणि ते हेडर ‘मेन.सी’त तर इन्क्लूड करावेच, पण ‘बिल.सी’तही करावे. मग डिक्लरेशन आणि डेफिनिशन एकाच फाइलमध्ये कंपायलरच्या समोर येतात, आणि त्यांच्यात फरक पडला तर ‘कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स’ असे म्हणून तो ओळीच्या क्रमांकासह लगेच थांबवतो.